चावी आमिरकडे आहे

“आणि या वसाहतीला मी नाव काय दिलंय, ठाऊक आहे?” अफताबने माईक तोंडाजवळ ओढला आणि हॉलमधल्या तीनशे माणसांवरून नजर फिरवली. “नूर पार्क! माझा भाऊ, मला बापाच्या जागी असलेला भाऊ नूरुद्दीन, त्याच्या नावानं. आज तो असता तर...”

इथे त्याने रुमाल काढला.

स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत, गळ्यात हार घालून बसलेल्या फखरुन्निसाने तो रुमाल बघितला. पांढरा, इस्त्रीचा. अफताबने तो दोन्ही डोळ्यांना लावला आणि परत खिशात ठेवला, तरी त्याची घडी मोडली नव्हती.

टाळ्या पडल्या. कुवेतमधल्या फरवानियातला तो हॉल कोकणातल्या माणसांनी खचाखच भरला होता. कुणी तेल कंपनीत, कुणी दुकानात, कुणी ट्रकवर. सगळ्यांना गावाकडे एक घर हवं होतं. मागच्या फलकावर खाडीकाठच्या चकचकीत इमारती होत्या, त्यांच्यापुढे आपल्याकडे कधी न उगवणारी झाडं होती, आणि या सगळ्याच्या डोक्यावर फखरुन्निसाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘सावरबंदरच्या लोकप्रिय नगरसेविका फखरुन्निसा नूरुद्दीन मुकादम यांच्या शुभहस्ते’.

नूरुद्दीन तिचा नवरा. मरून आठ वर्षं झाली होती त्याला. आणि त्याला जितेपणी कुणी मारलं होतं ते हॉलमधल्या निदान पन्नास माणसांना माहीत होतं. तेही टाळ्या वाजवत होते.

पहिल्या रांगेत तिची लेक इक्रा खाली मान घालून बसली होती. इक्रा इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या शेजारी नऊ वर्षांची नात युसरा उड्या मारत होती. “नानी, यू आर ऑन द पोस्टर!”

“भाभी, दोन शब्द,” अफताबने माईक पुढे केला.

फखरुन्निसा उठली. “मी शिलाई मशीनवर बसनारी बाई. बोलता येत नाय मना. शुक्रवारी सभेत बघू,” एवढंच म्हणाली आणि बसली. लोकांना ते फार आवडलं. किती साधी बाई, असं झालं.

*

शुक्रवारची सभा म्हणजे सावरबंदर नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा. सकाळी अकरा वाजता. सभासद सतरा. गावच्या आराखड्यात खाडीलगतची मोठी जमीन ‘मासळी सुकवण्याचं मैदान’ म्हणून राखीव होती. ते आरक्षण उठवून तिथे घरं बांधायला परवानगी द्यायची, असा ठराव होता. आठ जण बाजूनं, आठ विरोधात. विरोधातल्या आठात खुद्द नगराध्यक्ष होता, म्हणजे मतं समसमान पडली की त्याचं जादा मत पडून ठराव आडवा. सतरावी फखरुन्निसा. तिचा हात वर गेला तर नूर पार्क, नाही गेला तर काही नाही.

आपल्याकडे असं मतदान आलं की नगरसेवकांना सहलीला नेतात. पळवून नेतात म्हणायची लाज वाटते म्हणून सहल. अफताबने आपले आठ जण गोव्याच्या एका रिसॉर्टवर डांबले होते, फोन काढून घेऊन. पण आठ पुरुषांबरोबर एका विधवेला गोव्याला कसं पाठवणार? म्हणून तिला कुवेतला आणलं. लेकीकडे खैतानला राहील, विरोधकांच्या हाती लागणार नाही, आणि इथल्या मेळाव्यात शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यासारखी स्टेजवरही शोभेल. बुधवारी संध्याकाळच्या विमानानं परत, गुरुवारी गावात, शुक्रवारी सभेत हात वर. सगळं ठरलेलं.

तिला निवडणुकीला उभंही अफताबनेच केलं होतं. प्रभाग बाईसाठी राखीव झाला तेव्हा म्हणाला होता, “भाभीला करा. ती कुठं बोलणार हाय?”

विमानतळावर उतरली तेव्हा सलाम करायच्या आधी त्याने हात पुढे केला होता. “पासपोर्ट द्या भाभी. ऑफिसच्या तिजोरीत राहील. इथं हरवला तर बारा भानगडी.”

त्यात त्याचा काही डाव नव्हता. खरं सांगायचं तर विचारसुद्धा नव्हता. तीस वर्षांची सवय होती ती. माणूस विमानातून उतरला की त्याचा पासपोर्ट घ्यायचा, जशी गिऱ्हाइकानं दुकानात पाऊल टाकलं की छत्री घेतात. कुवेतच्या राई भागातल्या त्याच्या टाइल्सच्या शोरूममध्ये एकतीस माणसं कामाला होती आणि एकतिसांचे पासपोर्ट मागच्या खोलीतल्या हिरव्या लोखंडी तिजोरीत होते. कायद्यानं असं करता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून त्याने एक युक्ती करून ठेवली होती. तिजोरीची चावी तो स्वतःकडे ठेवतच नसे. ती आमिरकडे. आमिर म्हणजे त्याचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची कागदं फिरवणारा इजिप्शियन माणूस. कामगारानं पासपोर्ट मागितला की अफताब दोन्ही हात मोकळे करून दाखवी. “अरे, मी नाय म्हणतोय का? चावी आमिरकडे हाय.” आणि आमिर कधीच जागेवर नसे.

माणसं तिजोरीत ठेवायची, वर जुम्म्याला पहिल्या रांगेत उभं राहायचं, आणि रमझानात खजुराचे खोके वाटायचे. असल्या माणसाला आपण सेठ म्हणतो.

*

फखरुन्निसा लग्न होऊन मुकादमांच्या घरात आली तेव्हा अफताब बारा वर्षांचा होता. नूरुद्दीनचा चुलत भाऊ, आईबाप नसलेला. तिच्या सासूनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्याच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं फखरुन्निसानं लावली होती. पुढे तो कुवेतला गेला, मोठा झाला, आणि नूरुद्दीनला बोलावून घेतलं. मोठा भाऊ धाकट्याच्या शोरूमचा ट्रक चालवू लागला. सोळा वर्षं चालवला.

मग सासू वारली. अकरा वर्षं झाली त्याला.

बातमी कळल्यावर नूरुद्दीन ट्रक रस्त्यात सोडून ऑफिसात धावत गेला. “पासपोर्ट दे अफताब, आई गेली.”

“इन्ना लिल्लाही,” अफताब म्हणाला, डोळे मिटले, आणि मग म्हणाला, “चावी आमिरकडे हाय. आमिर सुट्टीवर.”

“दुसरी चावी तुझ्या टेबलात हाय. मी बघितलीय.”

“हरवली.”

नूरुद्दीन बाहेर आला तर मागच्या खोलीत आमिर चहा पीत बसला होता. नूरुद्दीननं हात जोडले. आमिर म्हणाला, “सेठ से पूछे बिना कैसे दूँ?”

कारण एवढंच होतं की त्या आठवड्यात मोठी ऑर्डर होती आणि ट्रक चालवायला दुसरं माणूस नव्हतं. बस. एवढ्यासाठी.

तिकडे सावरबंदरात सासूचा दफनविधी लेकाशिवाय झाला. इकडे नूरुद्दीन खैतानच्या खोलीत तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसला, कामावर गेला नाही. चौथ्या दिवशी भाजी आणायला खाली उतरला तर पोलिसांनी धरला. अफताबने त्याच्यावर फरारी झाल्याची तक्रार टाकली होती. मालकाकडून पळालेला कामगार. एकोणीस दिवस कोठडीत. पासपोर्ट कुठे, तर अफताबने लिहून दिलं की त्यानेच पळवला. मग दूतावासाचा एक पांढरा कागद हातात देऊन, दहा बोटांचे ठसे घेऊन, परत कधी या देशात पाय ठेवायचा नाही असं सांगून त्याला विमानात बसवला.

तो गावच्या एसटी स्टँडवर उतरला तेव्हा पायात बाथरूमच्या सपाता होत्या आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. सोळा वर्षांची कमाई. गाव म्हणालं, चोरी केली असेल, उगाच कोण हाकलतंय? तो बायकोखेरीज कुणाला काही बोलला नाही. धक्क्यावर जाऊन बसायचा. फक्त एक खोड लागली होती. बसल्या बसल्या मधेच सदऱ्याचा खिसा चाचपायचा, दचकायचा, मग हात खाली घ्यायचा. दिवसातून दहा वेळा. तीन वर्षांनी मेला, तेव्हाही हात खिशावर होता.

फखरुन्निसानं तो हात बाजूला केला होता. तिनेच. त्या दिवसापासून तिच्या पोटात काय शिजत होतं ते मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही.

*

मग ती अफताबच्या पंखाखाली नगरसेविका का झाली? लोक विचारायचे. लेकसुद्धा विचारायची. तिला जवळ जायचं होतं, इतकंच. दगड मारायचा तर टप्प्यात यावं लागतं.

पण टप्प्यात आली आणि एक भलतंच झालं. तिला कामाची गोडी लागली.

तिच्या प्रभागात खाडीवाडी होती. बेचाळीस घरं, भरतीच्या पातळीला. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी घरात शिरायचं. तिथली सुमन तिची जुनी गिऱ्हाईक, तिच्या मासळीच्या वासाच्या ब्लाउजांना हीच अस्तर लावायची. सुमनची सासू अर्धांगानं खाटेवर. उधाण आलं की सुमन खाटेच्या चारी पायांखाली विटा लावायची. आधी एकेक लावायची. मागच्या पावसाळ्यापासून दोन-दोन लागत होत्या.

फखरुन्निसानं आराखड्याचे कागद मागवले. रात्रंदिवस बोट ठेवून ठेवून वाचले. निवृत्त तलाठ्याकडून समजून घेतले. आणि अफताबच्या ठरावात तिनं एक ओळ घुसवली, ‘वरच्या उतारावर खाडीवाडीची बेचाळीस घरे प्रथम बांधून ताब्यात द्यावीत, त्यानंतरच इतर बांधकामास प्रारंभ करावा.’ त्या ओळीसाठी अफताब फोनवर अर्धा तास शिव्या देत होता. ती हलली नाही. शेवटी त्याने मान्य केलं, कारण सतरावं मत तिचं होतं.

होड्यांचे मालक आणि मासळी सुकवणाऱ्या बायका ठरावाच्या विरोधात होत्या. मैदान गेलं तर मासळी काय डोक्यावर सुकवायची, असा त्यांचा सवाल, आणि तो खोटा नव्हता. पण खाडीवाडीची घरं व्हायची तर दुसरी वाट नव्हती. तिनं मन घट्ट करून सुमनला शब्द दिला होता.

म्हणजे आता बघा. ज्या माणसाला गाडायचं, त्याच्याच ठरावात हिचा जीव.

हॉलमधून परत आल्यावर सुमनचा फोन आला. युसरानं तो स्पीकरवर लावून दिला.

“भाभी, जेवलाव काय? तिकडं थंडी हाय म्हंत्यात.”

“हाय थोडी. तुझी सासू कशी हाय?”

“हाय ती. पेज पाजलीय. भाभी, शुक्रवारी येताव ना? अमुशा हाय गुरवारची. पानी चढल. पन म्हातारीला बोल्ले मी, ह्या वर्साला शेवटचं. भाभी हात वर करनार मंजे करनार.”

“येतंय,” फखरुन्निसा म्हणाली.

फोन ठेवला. इक्रा भाकऱ्या थापता थापता थांबली होती. “अम्मी, नूर पार्क ऐकून मला ओकारी आली. तुला काय झालं नाय?”

“माझं सोड.”

“मग नाही म्हण सभेत! सरळ सांग सगळ्यांसमोर, या माणसानं माझ्या नवऱ्याला मारला.”

“आणि सुमनकडे बघून हात खाली ठेवू? समोरच बसंल ती, पहिल्या बाकावर.”

“मग हो म्हण.”

“तुझ्या अब्बांच्या नावाच्या पाटीखाली?”

इक्रा तव्याकडे वळली. भाकरी करपली.

*

सोमवारी दुपारी अफताब तिला राईच्या शोरूमवर घेऊन गेला, नूर पार्कच्या न्हाणीघरांना कुठल्या टाइल्स लावायच्या ते दाखवायला. मधेच त्याला गोव्याहून फोन आला. आठांपैकी एकानं दारू पिऊन गोंधळ घातला होता. तो ओरडत ओरडत माडीवर गेला. फखरुन्निसा मागच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसली. समोर ती हिरवी तिजोरी. नूरुद्दीननं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या, कोपऱ्यातली चहाची केटलीसुद्धा.

आमिर आला. आता म्हातारा झाला होता, पोट सुटलेलं. हातात पांढऱ्या कापडाची पिशवी. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखायचं कशाला, एवढे नूरुद्दीन त्याच्या हाताखालून गेले होते.

“माँ, तुम्हारा जवाज़, पासपोर्ट, इधर, मेरे पास,” तो तिजोरीवर थाप मारून म्हणाला. “मैं आज उमरा जाता, मक्का. कल से छुट्टी, पाँच दिन. सब बंद. मैं शनिचर को आता. अभी देगा? बाद में मुश्किल.”

कमरेच्या पट्ट्यातून त्याने चावी काढली. लांब दांड्याची, लाल दोरा बांधलेली.

एक ‘हो’ पुरला असता. दोन मिनिटांचं काम. पासपोर्ट पिशवीत, बुधवारी विमान, शुक्रवारी हात वर, पावसाळ्याआधी पाया, पुढच्या वर्षी सुमनची सासू उतारावरच्या कोरड्या खोलीत. ती ओळ तिनं स्वतः लिहिली होती. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं कपड्यावर टाचणी मारण्यापलीकडे केलेलं एकच काम.

आणि चावीचा तो लाल दोरा हलत होता.

तिला सभेत ‘नाही’ म्हणता आलं नसतं, सुमनच्या तोंडावर. ‘हो’ म्हणता आलं नसतं, नूरुद्दीनच्या नावावर. इथं मात्र काहीच म्हणायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाला कळणारही नव्हतं. याला हिंमत म्हणत नाहीत, तिलाही ते माहीत होतं. पण अकरा वर्षं ती याच एका गोष्टीची वाट बघत होती, आणि ती अशी, चावीसकट, समोर येऊन विचारत होती, अभी देगा?

“सेठ ने रखा है तो रहने दो,” फखरुन्निसा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “सेठ से पूछे बिना मैं कैसे लूँ?”

आमिरनं खांदे उडवले. चावी पट्ट्यात गेली. “माँ, दुआ कुछ माँगना है तुम्हारे लिए?”

“बोलना, जिसका जो है, उसको मिले.”

“आमीन,” आमिर म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

माडीवरून अफताब उतरला. “हलकट आहेत साले सगळे. तुम्हीच एक बऱ्या, भाभी. बरं, ही गुलाबी टाइल कशी वाटते?”

“छान हाय,” ती म्हणाली.

*

बुधवारी कुवेतचा राष्ट्रीय दिन होता. दुपारी खैतानच्या रस्त्यांवर झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत फिरत होत्या. पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. अफताब गर्दीतून वाट काढत इक्राच्या घरी पोचला, तोंड भरून हसत. बरोबर शोरूमचा जुना सेल्समन नीरज होता, बॅग उचलायला. नाशिकचा माणूस, पन्नाशीचा, अफताबकडे बावीस वर्षं.

“चला भाभी. सगळं घेतलंत ना? तिकीट, पासपोर्ट...”

“तिकीट हाय.”

“आणि पासपोर्ट?”

“तुझ्याकडे हाय.”

अफताब हसतच राहिला. ते हसू जायला थोडा वेळ लागला. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून.

“माझ्याकडे कुठं? तो तर तिजोरीत... नीरज, चावी?”

नीरज जमिनीकडे बघत म्हणाला, “चावी आमिरकडे आहे, सेठ.”

“मग लाव ना फोन त्याला!”

“तो उमऱ्याला गेलाय. सोमवारीच. फोन बंद.”

इक्रा दारात उभी होती. तिनं आईकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

“दुसरी चावी?” इक्रानं विचारलं. मुद्दामच विचारलं.

“नाय दुसरी!” अफताब किंचाळला. “फेकून दिली मी. अकरा वर्षांपूर्वी...” आणि तो मधेच थांबला.

बाहेर हॉर्न वाजत होते.

“मागितला का नाय तुम्ही?” तो फखरुन्निसावर वळला. “तोंड नव्हतं?”

“तुझ्याकडे कुनी मागतंय काय, अफताब?” ती सोफ्यावर सावकाश बसली. “मागून मिळतो?”

तो निघून गेला. पायऱ्यांवरून त्याच्या शिव्या खालपर्यंत ऐकू येत होत्या. नीरजनं बॅग होती तिथेच ठेवली, आणि जाता जाता फखरुन्निसाच्या पायाशी वाकला. का, ते त्याने सांगितलं नाही.

दार लागल्यावर इक्रा म्हणाली, “अम्मी, तू मुद्दाम केलंस.”

“हां.”

“मला आनंद व्हायला पायजे.” इक्रानं दारातली बॅग भिंतीकडे सरकवली. “अब्बांसाठी व्हायला पायजे. पण सुमनमावशीचं काय? तिचा काय गुन्हा?”

“तिचा काय गुन्हा नाय.”

“मग?”

“मग काय नाय. इक्रा, मी अकरा वर्सं शहाण्यासारखी वागले. मेहेरबानी कर, आता शिकवू नको.”

*

पुढचे दोन दिवस अफताब कसा नाचला, ते राईतल्या लोकांनी महिनाभर एकमेकांना सांगितलं. दूतावास बंद, कचेऱ्या बंद. सुट्टीत एक कुलूपवाला पकडून आणला तर त्याने भोकं पाडता पाडता कुलूपच आत अडकवून ठेवलं. तिजोरी घेताना अफताबनं चांगली दणकट मागितली होती, तशीच ती निघाली. गॅरेजं बंद असल्यामुळे गॅसकटरवाला मिळाला तो शुक्रवारी सकाळी. दार कापून पडलं तेव्हा सावरबंदरच्या सभेला तास-दीड तास उरला होता. आणि सावरबंदर समुद्रापलीकडे होतं.

साडेआठला, म्हणजे तिकडच्या अकराला, फखरुन्निसा खिडकीशी बसली होती. नऊला गावाहून निवृत्त तलाठ्याचा फोन आला. आठ विरुद्ध आठ. नगराध्यक्षाचं जादा मत. ठराव फेटाळला. नूर पार्क गेलं, आणि त्याच कागदावरची तिची ती ओळही गेली.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. अफताब आला असेल म्हणून इक्रा पुढे झाली, पण दारात एकटा नीरज होता. शर्टावर लोखंडाची काळी भुकटी.

“सेठ नाही आले?”

“सेठ शोरूमच्या पायरीवर बसलेत,” नीरज म्हणाला. “सकाळपासून बुकिंगचे पैसे भरलेल्यांचे फोन चाललेत, ते उचलत नाहीत.” मग त्याने आवाज खाली आणला, जणू अजून कुणी ऐकतंय. “ताई, दार पडलं ना, तेव्हा सगळी पोरं गोळा झाली होती. सेठ म्हणाले, एकच काढायचा, भाभींचा. कुणी हाललं नाही. मग तो बिहारचा पॉलिशवाला पुढं आला, आत हात घातला, आपला पासपोर्ट काढला आणि खिशात ठेवला. मग दुसरा. मग लाइनच लागली. सेठ नुसते बघत होते. शेवटी मीही घेतला.” त्याने छातीवरचा खिसा दाखवला. “किती वर्षांनी फोटो बघितला माझा. मिशी होती मला.”

तो हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला.

मग त्याने पिशवीतून तिचा पासपोर्ट काढून दिला. एक कोपरा ज्वाळेनं करपला होता.

“आणि सगळे घेऊन झाल्यावर तळाला हा राहिला होता. कुणाचाच नव्हता. मी उघडून बघितला.”

दुसरा पासपोर्ट जुना होता. वरची सोनेरी अक्षरं उडालेली, मुदत संपून जमाना झालेला. फखरुन्निसानं उघडला. आत नूरुद्दीन होता. केस काळे, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. ते बटण तिनंच, तो फोटो काढायला निघाला तेव्हा, घट्ट केलं होतं.

म्हणजे तो इथेच होता. अकरा वर्षं. माणूस धक्क्यावर बसून खिसा चाचपत मेला, आणि हा इथं लोखंडात, आमिरच्या चहाच्या केटलीपासून दोन हातांवर.

इक्रानं तो हातात घेतला आणि भिंतीला टेकून रडली. फखरुन्निसा रडली नाही. तिला वाटलं होतं, हा दिवस आला की छातीवरचं काहीतरी उतरेल, जरा भूक लागेल. अफताब पायरीवर बसलाय हे तिनं मनात दोनदा म्हणून बघितलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. पण ते बरं वाटणं एका बाजूला बसलं, आणि दुसरी बाजू होती तशीच राहिली.

“नानी, सुमनमावशीचा व्हॉइस आहे,” युसरा फोन घेऊन आली. “शॅल आय प्ले?”

सुमनचा आवाज आला. मागे पाण्याचा डुबुक डुबुक आवाज, कुणीतरी बालदी ओढतंय. “भाभी, तुमी आलाव नाय. माज्या जिवाला घोर लागला. तब्येत बरी हाय ना? तिकडं परदेसात आजारी-बिजारी पडलाव काय? ठरावाचं मरू द्या. तुमी जिवाला जपा. इकडची काय काळजी करू नका.”

फखरुन्निसानं तो पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मग युसराला म्हणाली, “मना बोलायचं हाय. कुठं दाबायचं?”

युसरानं दाखवलं. तिनं अंगठा दाबून धरला. आजारी होते, एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. सुमननं स्वतःच तोंडात दिलं होतं ते.

“सुमन, मी बरी हाय. मना काय झालेलं नाय. मी येऊ शकत होते. मी मुद्दाम नाय आले. त्या अफताबला बुडवायला नाय आले. तुझं घर त्यात गेलं. मी जानून-बुजून घालवलं. सोमवारी गावात येतंय, तुझ्या दारात येतंय. तुला जे बोलायचं ते तवा बोल.”

अंगठा काढला. निरोप गेला.

नीरज केव्हा निघून गेला ते कुणाला कळलं नाही. इक्रानं चहा ठेवला, तो उकळून उकळून काळा झाला. खाली जुम्म्याची अजान झाली, माणसं मशिदीकडे निघाली. फखरुन्निसा दोन्ही पासपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती, तिचा करपलेला आणि त्याचा शाबूत राहिलेला. फोन समोर उलटा ठेवला होता.

दुपारी तो वाजला. तिनं स्वतःच दाबला. या वेळी मागे पाण्याचा आवाज नव्हता. सुमन ना रडत होती, ना भांडत होती. दमलेल्या बाईचा साधा आवाज होता.

“खाटंखाली तिसरी ईट लावली, भाभी.”

एवढंच होतं.